मारहाण नाही, मग घटस्फोटासाठी क्रूरता सिद्ध होते का?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला बारा वर्षं, मुलगी पाचवीत, भांडुपला वन बीएचके, फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. नवरा हात उचलत नाही, पीत नाही, पण मनाविरुद्ध काही झालं की दोन-दोन महिने अबोला, घरात समोर असून निरोप मुलीकरवी. ताईंची नोकरी लोअर परळला, पण पगाराचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, त्यांना लोकलचा पास आणि वरखर्चाला मोजून पैसे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यावरून संशय, आणि तो सोसायटीच्या जिन्यात उभं राहून मोठ्याने बोलून दाखवायचा. भाऊजी म्हणतात मारहाण नाही तर कोर्ट दारात उभं करणार नाही, त्यापेक्षा आधी ४९८ टाक, म्हणजे छळाची फौजदारी तक्रार, सुतासारखा सरळ येईल. घर सोडावं का आणि मुलीला साक्षीला यावं लागेल का, हेही विचारलंय.

ताई, मी बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आणि भाऊजी लोकांची ही दोन्ही मतं मला पाठ आहेत. दोन्ही चूक आहेत.

मारहाण लागते हा समज कुठून आला ते सांगते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण सुरुवातीला त्यात क्रूरता हे घटस्फोटाचं कारण नव्हतंच, फक्त न्यायिक विभक्ततेसाठी, म्हणजे लग्न न मोडता कोर्टाच्या हुकुमाने वेगळं राहण्यासाठी होतं, आणि तिथेही एकत्र राहणं आपल्याला अपायकारक ठरेल अशी वाजवी भीती दाखवावी लागायची. त्यामुळे वकील मंडळी जखमा, डॉक्टरचे कागद हेच शोधत बसायची. १९७६ ला दुरुस्ती झाली, कलम १३(१)(आयए) आलं आणि त्यात वाक्य एकच, की लग्नानंतर जोडीदाराने क्रूरतेने वागवलं. शारीरिक हा शब्द नाही, भीतीची अट नाही, व्याख्या पण नाही. व्याख्या नाही हे आपल्या फायद्याचंच आहे, कारण छळण्याच्या तऱ्हा कायदा करणाऱ्यांना सुचल्या नसत्या इतक्या आहेत.

मग ती जागा सुप्रीम कोर्टाने भरत आणली. १९७५ चा दास्ताने खटला, आपल्या पुण्याचं जोडपं, दोघं उच्चशिक्षित. त्यात ठरलं की क्रूरता फौजदारी केससारखी संशयातीत सिद्ध करायची गरज नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय एवढंच बघायचं. १९९४ च्या भगत खटल्यात म्हटलं की मानसिक क्रूरता म्हणजे असं वागणं ज्यानंतर त्या माणसाने जोडीदाराबरोबर राहावं ही अपेक्षाच धरता येत नाही, आणि हे ठरवताना त्या दोघांचं शिक्षण, राहणीमान, समाज सगळं बघायचं. शोभा राणी खटल्यात सांगितलं की त्रास द्यायचा हेतू सिद्ध करावाच लागतो असं नाही. आणि २००७ चा समर घोष खटला, त्यात सोळा उदाहरणं दिलीत, पण ती उदाहरणंच आहेत, कुलूपबंद यादी नव्हे. त्यातच हेही स्पष्ट आहे की रोजची किरकोळ कुरबूर, भांड्याला भांडं लागणं म्हणजे क्रूरता नाही, आणि एखाददुसरा प्रसंग उचलून नाही तर अख्खा संसार समोर ठेवून बघायचं.

आता तुमच्या चार गोष्टी घेऊ.

माझ्या मते तुमची सगळ्यात मजबूत बाजू अबोला नाही, चारित्र्याचे आरोप आहेत, तेही जिन्यात, लोकांच्या कानावर जातील असे. २००३ चा भाटे खटला आहे, त्यात नवऱ्याने आपल्या लेखी उत्तरात बायकोच्या चारित्र्यावर नाही नाही ते लिहिलं आणि नंतर दुरुस्ती करून ते काढून पण टाकलं, तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं की लिहिलंत तेव्हाच जखम झाली, खोडून ती भरत नाही, ही क्रूरताच. म्हणजे तुमच्या नवऱ्याचे वकील उद्या डब्ल्यूएस मध्ये, म्हणजे त्याच्या लेखी उत्तरात, त्या सहकाऱ्याचं नाव घालून चिखलफेक करतील तर घाबरू नका, पुराव्याशिवाय केलेला तो आरोप तुमच्याच बाजूला जमा होतो. हे अर्थात दोन्हीकडून लागू आहे, त्यावर पुढे येते.

पगाराचं म्हणाल तर त्याला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात थेट नाव आहे, आर्थिक अत्याचार. घटस्फोटाच्या अर्जातही तो मांडता येतो. आणि इथे पुरावा तुमच्या बँकेत पडलाय. माझ्या एका पक्षकाराची अशीच केस होती, नवरा म्हणाला कार्ड तिच्याचकडे असतं, तीच पैसे काढते नि उडवते. आम्ही तिचं बँक स्टेटमेंट आणि तिच्या कंपनीचा पंचिंगचा रेकॉर्ड शेजारी शेजारी लावला. सकाळी साडेनऊला हिचं बोट अंधेरीच्या मशीनवर, अकरा वाजता पैसे काढले ठाण्यात, नवऱ्याच्या ऑफिसच्या खालच्या एटीएममधून, आणि हे दर महिन्याच्या एक-दोन तारखेला. उलटतपासात त्याला एकच विचारलं, या दिवशी ती ठाण्यात कशी पोचली ते सांगा. सांगता आलं नाही. तुम्हीही तेवढं करा, तीन-चार वर्षांचं स्टेटमेंट काढा, एचआरकडून अटेंडन्स मागा. आणि कृपा करून नवीन सॅलरी अकाउंट उघडा, ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येईल असं बघा. हे केसच्या आधी करायचं, यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

अबोल्याचं जरा नाजूक आहे. चार दिवस न बोलणं कोणाच्या घरात होत नाही? जजसाहेबही घरी जातात. पण दोन-दोन महिने, वर्षातून तीन-चारदा, बारा वर्षं, आणि मधे पोरीला टपालवाली केलेली, हे वेगळं आहे. फक्त ते वेगळं आहे हे कागदावर दिसलं पाहिजे, आणि इथेच निम्म्या केसेस मार खातात.

अर्जात वाक्य असतं, "प्रतिवादीने अर्जदारास वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ करून जिणे असह्य केले." हे वाक्य मी हजारदा वाचलंय, जजने त्याहून जास्त. ते वाचून कोणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. शिवाय बरेच वकील सवयीने मारहाण, हुंडा, सासूचे टोमणे हे सगळं आतमध्ये घालून देतात, घडलेलं असो नसो, की असू दे, केस जड होते. जड नाही होत, पोकळ होते. तुम्ही मला आत्ता सांगितलंत की हात उचलत नाही. मग अर्जात मारहाण आली की उलटतपासात समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार, कुठल्या डॉक्टरकडे गेलात, कोणाला सांगितलंत, आणि तुम्ही अडखळलात की तुमच्या खऱ्या चार गोष्टींवरचा विश्वासही गेला. लहान पण खरी, जागा-वेळेसकट सांगितलेली गोष्ट ऐकीव मोठ्या आरोपाला भारी पडते. मी तर पक्षकाराला सांगते, स्वतःच्या हाताने लिहून आणा, तुमच्या भाषेत, सुंदर लिहायचं नाही, आणि ज्यात तुमचंही चुकलं असेल ते पण लिहा, ते मला आधी कळू दे, समोरच्याकडून नको.

तारखा आठवत नाहीत असं सगळे म्हणतात. आठवतात, फक्त खुंटी लागते. मुलीचा वाढदिवस, गणपती, शाळेची पालकसभा, सोसायटीच्या टाकीचं काम. एका बाईंनी मला सात वर्षांची कालनिर्णयं आणून दिली होती, खिळ्याच्या भोकासकट. त्यांच्या घरात दूध, पेपर, गॅस, कामवालीचे खाडे सगळं त्यावर लिहायची पद्धत. आणि मधेच कुठेतरी बारीक अक्षरात नुसतं "बंद", मग पंचवीस-तीस चौकोनांनंतर "चालू". नवऱ्याने बोलणं बंद केलं तो दिवस आणि परत सुरू केलं तो. समोरच्या वकिलांनी विचारलं, बाई, हे सगळं तुम्ही केससाठी एका बैठकीत लिहून काढलंत ना? त्या म्हणाल्या, साहेब, त्याच चौकोनात सिलेंडर आल्याचं लिहिलंय, माझ्या फोनमध्ये गॅसवाल्याचा मेसेज आहे, तारीख बघून घ्या. बघितली, जुळली. पुढे त्या कॅलेंडरबद्दल कोणी काही विचारलं नाही. हे नाटक करून होत नाही हो, म्हणूनच त्याला वजन होतं. तुम्ही आजपासून वही ठेवलीत तरी चालेल, पण मागच्या गोष्टी आज लिहिताय तर आजचीच तारीख टाका, जुन्या तारखा टाकून जुनी वही बनवू नका.

व्हॉट्सॲप चॅट असतील तर डिलीट करू नका, फोन बदलू नका, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, नुसते निवडक स्क्रीनशॉट नकोत. १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट द्यावं लागतं, त्यात आता दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. फॅमिली कोर्टाला पुराव्याच्या नियमांत बरीच मोकळीक आहे, १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम १४ बघा, पण मोकळीक आहे म्हणून ढिसाळ राहू नये. रेकॉर्डिंगचं सगळे विचारतात. नवरा-बायकोमधला खाजगी संवाद चोरून रेकॉर्ड केला तर चालतो का, यावर हायकोर्टांची वेगवेगळी मतं होती, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घटस्फोटाच्या केसमध्ये असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं. त्याचा अर्थ तुम्ही ज्या बोलण्यात आहात ते रेकॉर्ड करा एवढाच घ्या, त्याच्या फोनमध्ये ॲप टाकून बसायचं नाही, ते वेगळं लफडं होतं.

जिन्यातल्या प्रसंगाला साक्षीदार बघा. शेजारी सहसा कोर्टात येत नाहीत, "आम्हाला नका त्यात पाडू" म्हणतात आणि त्यांचंही बरोबर आहे, त्यांना त्याच मजल्यावर राहायचंय. पण त्या रात्री तुम्ही बहिणीला फोन केला असेल, मैत्रिणीला मेसेज टाकला असेल, तो चालतो. आणि कोणीच नसेल तरी तुमची स्वतःची साक्ष हा पुरावाच आहे, चार भिंतीत घडलेल्या गोष्टीला बाहेरचा साक्षीदार पाहिजेच असा कायदा नाही, उलटतपासात टिकली की झालं.

आता भाऊजींचा ४९८. तो आता भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ मध्ये गेलाय, लोक अजून जुन्याच नंबरने ओळखतात. तिथली क्रूरता आणि घटस्फोटातली क्रूरता एक नाही. फौजदारीत एकतर बाईला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मानसिक शारीरिक आरोग्याला गंभीर अपाय करेल असं जाणूनबुजून केलेलं वागणं लागतं, नाहीतर पैशा-मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी छळ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि सिद्ध संशयातीत करावं लागतं. ज्या घरात असं घडतंय तिथे एक मिनिट थांबू नका, मी स्वतः बाईंना घेऊन पोलीस स्टेशनला गेलेय. पण सरळ करायला म्हणून टाकायची ती तक्रार नव्हे. खोट्या किंवा फुगवलेल्या फौजदारी तक्रारी ही जोडीदारावरची क्रूरता आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये श्रीनिवास राव खटल्यात म्हटलंय, म्हणजे ज्याच्याकडे कारण नव्हतं त्या नवऱ्याच्या हातात तुम्हीच कारण देता. नुसती तक्रार केली किंवा नवरा सुटला म्हणजे आपोआप त्याला घटस्फोट असंही नाही, पण मग तीन वर्षं त्याच वादात जातात आणि तुमचा पगार, जिना, अबोला बाजूलाच. जिन्यात परत तमाशा झाला तर पोलिसांत एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवा आणि त्याची कॉपी घ्या. एनसीवर पोलीस फार काही करत नाहीत हे मला माहीत आहे, पण त्या तारखेचा सरकारी शिक्का मिळतो.

घर सोडू का? नको, निदान घाईत नको. फ्लॅट सासऱ्यांचा आहे म्हणून तुम्हाला रातोरात बाहेर काढता येत नाही. नांदतं घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी ते कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सामायिक घर ठरू शकतं, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने आहुजा खटल्यात सांगितलंय. मालकी मिळत नाही, राहण्याचं संरक्षण मिळतं, ते पण कायमचं आणि बिनशर्त नाही. मुंबईत भाड्याने वन आरके घ्यायची तरी डिपॉझिट किती लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको, त्यामुळे इथे अर्धी जोडपी केस चालू असताना एकाच छपराखाली असतात, एक हॉलमध्ये एक बेडरूममध्ये.

त्यात एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्या. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ म्हणतं की क्रूरता तुम्ही माफ केली असेल तर त्यावर हुकूमनामा मिळत नाही. ते मगाचं दास्ताने प्रकरण, त्यात कोर्टाला बायकोचं वागणं क्रूर वाटलं होतं, तरी नवरा हरला, कारण त्या सगळ्यानंतरही दोघांचे नवरा-बायकोचे संबंध सुरळीत चालू राहिले होते, मूलही झालं होतं, म्हणून माफी धरली. पण त्याच निकालात हेही आहे की माफी सशर्त असते, परत तसंच वागलात तर जुनं सगळं जिवंत होतं. म्हणून एका घरात राहिलात, त्याला डबा भरून दिलात, पोरीसाठी गणपतीला गावी एकत्र गेलात, एवढ्याने माफी होत नाही. पण मधे समेट झाला असेल, कुठे फिरायला गेला असाल तर ते लपवू नका, फोटो त्याच्याकडेही आहेत. समेट झाला, मग पुन्हा कधी आणि कसं सुरू झालं, तेच अर्जात लिहायचं.

कोर्टाचं वेळापत्रक खरं सांगते. कायदा म्हणतो नोटीस लागल्यापासून सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करा. लढवलेली केस तीन-चार वर्षं सहज घेते, जास्तही. आधी अर्ज, मग नोटीस, ती नवरा घ्यायला तयार नाही म्हणून दोन तारखा, मग मॅरेज काउन्सेलर. काउन्सेलरला लोक उगाच घाबरतात, तिथे बोललेलं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरता येत नाही, मोकळं बोला. मग डब्ल्यूएस, मुद्दे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा, उलटतपास, युक्तिवाद. सुनावणी बंद दाराआड मागता येते. तुम्हाला वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि माहेरी, समजा डोंबिवलीला, राहायला गेलात तर बायको म्हणून तिथल्या हद्दीतल्या कोर्टातही अर्ज टाकता येतो, दरवेळी कुर्ल्याहून शेअर रिक्षाने बीकेसी गाठायची गरज नाही.

अर्जाबरोबरच त्याच कायद्याच्या कलम २४ खाली हंगामी पोटगीचा अर्ज टाका. तुम्ही कमावत्या आहात म्हणून तुमच्यासाठी फार मिळेल असं मी सांगणार नाही, पण मुलीच्या शाळा-क्लासचा खर्च तो द्यायला बांधील आहे. २०२० च्या रजनेश निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरतात. त्या प्रतिज्ञापत्रात तुमचा पगार जातो कुठे हे आपोआप बाहेर येतं, हा तुमच्या केसमधला बोनस.

म्युच्युअलचा, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा, दरवाजा उघडा ठेवा. त्याला एक वर्ष वेगळं राहिल्याचं लागतं, पण वेगळं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी चालतं, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. दोन अर्जांमधले सहा महिनेही योग्य केसमध्ये माफ होतात, २०१७ चा अमरदीप सिंग निकाल. माझ्याकडच्या कितीतरी लढवलेल्या केसेस उलटतपासाच्या दुसऱ्या तारखेनंतर म्युच्युअलला आल्यात, कारण माणसाला पिंजऱ्यात उभं राहिल्यावर आपलंच बोलणं ऐकू येतं. संसार मोडून पडलाय, जीव उरला नाही एवढ्याच कारणावर मात्र फॅमिली कोर्ट घटस्फोट देऊ शकत नाही, तो अधिकार राज्यघटनेच्या कलम १४२ खाली फक्त सुप्रीम कोर्टाला, २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालाप्रमाणे. नेटवर अर्धवट वाचून लोक ते घेऊन येतात म्हणून सांगितलं.

हे सगळं हिंदू विवाह कायद्याचं झालं. रजिस्टर लग्न विशेष विवाह कायद्याखाली असेल तर कलम २७, जवळपास हेच. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी यांचे कायदे वेगळे पण क्रूरता सगळ्यांत आहे.

राहिली मुलगी. ती घरातली सगळ्यात चांगली साक्षीदार आहे, निरोप तिनेच पोचवलेत, आणि म्हणूनच तुमचे वकील तिचं नाव सुचवतील. तिला साक्षीदारांच्या यादीत घालू देऊ नका. दहा वर्षांच्या पोरीच्या साक्षीवर ही केस उभी नाही, बँक स्टेटमेंट आणि तुमची स्वतःची साक्ष पुरे आहे. ताब्याचा वाद निघाला तर जज तिच्याशी चेंबरमध्ये एकटीशी बोलतील, तेव्हा काय सांगायचं हे तिला शिकवून पाठवू नका, शिकवलेलं दोन मिनिटांत कळतं. आणि आजपासून एक करा, तो तिच्यातर्फे निरोप देईल तेव्हा तुम्ही उत्तर तिच्यातर्फे द्यायचं नाही, सरळ त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकायचं, "लाईट बिल भरलंय", "मंगळवारी पालकसभा आहे, येणार का". साधं, चिडून नाही. त्याने उत्तर दिलं तर उत्तमच, नाही दिलं तर ते निळ्या टिकांसकट तुमच्या फोनमध्ये राहतं.

पहिल्या मीटिंगला येताना लग्नाचं सर्टिफिकेट किंवा पत्रिका आणि दोन फोटो, बँक स्टेटमेंट, तुमची हाताने लिहिलेली पानं, आणि दागिने कोणाच्या लॉकरमध्ये आहेत ते लिहून आणा. भाऊजींना नाही आणलंत तरी चालेल.